बाबांचा खोकला

हापसालूच्या दवाखान्यात
डॉक्टर त्रीननं कागदावर शंभर ठिपके काढले,
चारांभोवती लाल गोल केले.
म्हणाली, नवं औषध सुरू केलं तर वर्षभरात
शंभरातल्या एवढ्यांना मोठा जंतुसंसर्ग होऊ शकतो.
बाकीचे ठीक असतात.
मी ठिपके बघत राहिले.
जाळीदार शाल विणताना आम्हीही
असेच ठिपके मांडतो कागदावर.
एक चुकला तर सगळं उसवायचं,
आणि कोणता चुकला
हे नेहमी वीतभर पुढे गेल्यावर कळतं.

आणि न घेतलं तर?
तिनं दिव्यासमोर एक्स-रे धरला:
माझ्या बोटांची हाडं,
उंदरांनी पावाच्या कडा कुरतडाव्यात तशी.
हे भरून येत नाही, हेल्वे. थांबवता येतं फक्त.
'फक्त' म्हणताना ती अडखळली. चांगली मुलगी आहे.
तिच्या आईच्या लग्नात खांद्यावर माझी शाल होती.

शाल लग्नाच्या अंगठीतून सरकन पार व्हावी,
ही आमच्या गावची परीक्षा.
माझी अंगठी मार्चमध्ये सोनारानं कातरून काढली.
सोनं चांगलं आहे, म्हणाला.
आता कापलेल्या कडेला धागा अडकतो.

शेजारची माल्ले म्हणते, औषधं कसली घेतेस,
आपला समुद्राचा काळा चिखल आहे की!
त्यासाठी पीटर्सबर्गहून सरदारणी यायच्या.
वीस वर्षं लावला मी तो चिखल.
ऊबदार असतो,
एवढं शपथेवर सांगेन.

उनो औषधाचं माहितीपत्रक उलगडतो, नकाशाएवढं,
भिंगाखाली धरून मोठ्यानं वाचतो:
क्वचित. अतिक्वचित. प्रमाण ज्ञात नाही.
'ज्ञात नाही'खाली पेन्सिलीनं रेघ ओढतो.
सकाळी माझी बटणं मात्र तोच लावतो,
तेव्हा काही वाचत नाही.

मग रक्ताचा अहवाल आला.
आत जुना क्षय आहे, त्रीन म्हणाली, झोपलेला.
या औषधानं पहारा ढिला पडतो, तो उठू शकतो.
लहानपणी घरात कुणी होतं का?

होतं.
छप्पन साली सायबेरियातून परतलेला एक माणूस
चुलीपाशी मला मांडीवर निजवायचा
आणि दाराकडे तोंड वळवून खोकायचा.
बाबांचा आवाज मला आठवत नाही. खोकला आठवतो.
मागे एक चाकू ठेवून गेले आणि एक फोटो,
असं आम्ही सगळे समजत होतो.

सदुसष्ट वर्षं त्यांना छातीत घेऊन हिंडले मी.
आणि हे माझं शरीर,
माझ्याच सांध्यांवर चाल करून येणारं,
आपलं कोण परकं कोण कळत नाही म्हणून
ज्याला मी रात्र रात्र शिव्या घालते,
त्यानं त्या एका दारावर
डोळ्यांत तेल घालून पहारा दिला इतकी वर्षं,
मला न सांगता.
आता त्यालाच गुंगी द्यायची.

म्हणून आधी गोळ्या. नऊ महिने, रोज एक.
पहिल्या महिन्यानंतर सुई, ठरलं तर.
गोळ्यांनी यकृत बिघडू शकतं.
त्याचाही कागद आहे. उनोला दिला.

माझं काही ठरलेलं नाही.
परवा नातीसाठी टोपी घातली सुयांवर,
जाड लोकर, जाड सुया, नक्षी नाही.
चौथ्या ओळीला अंगठा बसला तो बसलाच.
नर्सनं सरावाला दिलेलं रिकामं पेन
फ्रिजमध्ये आंबट सायीच्या डब्याशेजारी पडून आहे.
त्यात थेंबही नाही, तरी उनो दूध काढताना
त्याला धक्का लागू देत नाही.

आज पहिली गोळी घेतली.
पाणी थंड होतं, ठसका लागला.
खोलीत कुणी नव्हतं,
तरी मी दाराकडे तोंड वळवलं.